दाढेचं दुखणं, रूट कॅनल आणि आपले नियम



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली, घराघरांत पुन्हा रोजचा स्वयंपाक सुरू झाला. या दहा दिवसांत आमच्या घरी जे घडलं ते मंदिरात पुष्कळ जणींच्या कानावर गेलं आहे. तेव्हापासून एकच प्रश्न येतो आहे, "रूट कॅनल म्हणजे नेमकं करतात तरी काय? आणि एकासना असताना तुम्ही ते केलं कसं?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही. दवाखान्यात विचारून, समजून घेतलेलं आणि घरात पाहिलेलं तेवढंच सांगते.

माझ्या सासूबाईंचं वय ७१. दरवर्षी दशलक्षणात दहाही दिवस एकासना करतात. यंदा तिसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तम आर्जवाच्या दिवशी, डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दिवसा थोडं कमी, रात्री पाठ टेकली की कळ कानापर्यंत. मी म्हटलं, "आई, उद्या सकाळी दाखवून येऊ." त्या म्हणाल्या, "काही होत नाही बेटा. एवढं दुखणं तर कायक्लेश समजून सोसीन मी." पाचव्या दिवशी दुखणं एकाएकी थांबलं. त्या खूश झाल्या. "पाहा, पर्वातच राहिली दाढ." नवव्या दिवशी सकाळी उठल्या तर डावा गाल सुजून टम्म झालेला.

थांबलेलं दुखणं म्हणजे बरी झालेली दाढ नव्हे. ही गोष्ट आपल्या बायकांना कुणी सांगतच नाही, म्हणून आधी तीच सांगते.

दाताच्या आत काय असतं

दाताचं वरचं पांढरं कवच आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. त्याच्या आत थोडा मऊ, पिवळसर थर. आणि त्याच्याही आत एक छोटीशी पोकळी. तिच्यात नस असते, रक्तवाहिन्या असतात. ही पोकळी मुळांमधून बारीक नळीसारखी खाली जाते आणि मुळाच्या टोकाला सुईएवढ्या भोकातून हाडाला मिळते. समोरच्या दाताला बहुतेक एकच नळी. खालच्या मोठ्या दाढेला दोन मुळं आणि साधारण तीन नळ्या. या नळीलाच इंग्रजीत रूट कॅनल म्हणतात. नाव उपचाराला पडलं, पण ही वस्तू जन्मापासून आपल्या दातातच आहे.

आपण म्हणतो "दाढेला कीड लागली". खरी कीड, अळी तिथे नसते. बाजारात धुरी देऊन दातातून अळ्या काढून दाखवणारे बसत असत, त्या अळ्या दातातल्या नव्हेतच. दातावर चिकटलेल्या गोड, पिठूळ अन्नावर सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांच्यामुळे आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल दाताचं कवच हळूहळू विरघळवतं. खड्डा वरच्या थरात असला तर साधं सिमेंट भरून काम भागतं. आतल्या नसेपर्यंत पोचला की नस सुजते.

आता बघा, हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते, सुजेला जागा मिळते. दाताच्या आत चारी बाजूंनी कठीण भिंत. सुजेला जागाच नाही. म्हणून ती कळ एवढी जीवघेणी. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त ठणकतं. सासूबाई तीन उशा घेऊन बसून का झोपत होत्या, ते मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

थंड पाणी लागून कळ आली आणि लगेच गेली, तर बहुधा नस वाचू शकते. पण थंडाची कळ मिनिट-मिनिट राहत असेल, गरमही सोसत नसेल, काही न खाता आपोआप ठणकत असेल, झोपेतून जाग येत असेल, तर नस वाचण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. मग एक दिवस ती नस मरते. दुखणं थांबतं. पण पोकळीत जंतू तसेच, तिथे रक्त पोचत नाही म्हणून शरीर त्यांच्याशी लढू शकत नाही. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो. आमच्या घरी पाचव्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत हेच चाललं होतं.

कायक्लेश की आर्तध्यान

नवव्या दिवशीही सासूबाई सहज तयार झाल्या नाहीत. दोनच दिवस उरले होते, नियम मोडायचा नव्हता. त्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण लिहिते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी हेच म्हणतात.

पहिलं म्हणाल्या, "पवनारला विनोबांनी औषध नाकारलंच ना?" खरं आहे. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न आणि औषध सोडून शांतपणे देह ठेवला. आपल्या वर्धेच्या माणसांना त्याचा आदर आहे. त्यांच्याच प्रेरणेने 'समणसुत्तं' तयार झालं, म्हणून आपल्याला तर जास्तच. पण त्या वेळी त्यांचं वय ८७ होतं, शेवट जवळ आला होता आणि त्यांनी तो ओळखला होता. आपल्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त समंतभद्र आचार्यांनी सल्लेखना कधी घ्यावी ते सांगितलं आहे. उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण, रोग, आणि तोही कसा, तर ज्यावर काही इलाज उरला नाही असा. दाढेवर इलाज आहे. तो गावातल्या गावात, तास-दीड तासाच्या दोन-तीन खेपांत होतो.

दुसरं म्हणाल्या, "महाराज तर दातही घासत नाहीत." तेही खरं. अदंतधावन हा मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक. पण ते दिवसातून एकदाच, उभ्याने आहार घेतात. आपण सकाळचा चहा, दहाचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचं फराळाचं, संध्याकाळचं जेवण, आणि मध्येमध्ये शेंगदाण्याचा लाडू. मुनींचा एक गुण तेवढा उचलायचा आणि बाकीचे २७ ठेवून द्यायचे, असं होत नाही ना?

तिसरं म्हणाल्या, "जीव मारायचे त्या औषधाने." यावर मी थोडा विचार करून बोलले. आपण पाणी गाळतो, पिठाची मर्यादा पाळतो, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. कशासाठी? जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून. मग दाढेच्या खड्ड्यात कालचं, परवाचं अन्न सडत ठेवणं कोणत्या मर्यादेत बसतं? तिथे रोज अगणित जीव जन्मत आणि मरत असतात. ती जागा एकदा स्वच्छ करून बंद करणं हेच कमी हिंसेचं काम आहे, असं मला वाटतं. शिवाय आपल्या चार दानांत औषधदान आहे. जे देणं पुण्य मानलं, ते घेणं पाप कसं होईल?

पण त्यांचं मन वळलं ते माझ्या बोलण्याने नाही. त्या स्वतःच थोड्या वेळाने म्हणाल्या, "खरं सांगू का, चार दिवस णमोकार म्हणताना मन त्या दाढेतच होतं. एक माळ धड झाली नाही." तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक वेदनेचाच आहे. दुखतंय, कधी थांबेल, कधी थांबेल, असं मन एकाच जागी फिरत राहणं. कायक्लेश आपण ठरवून, समतेने करतो. ज्या दुखण्याने समता जाते, सामायिक जातं, घरच्यांवर चिडचिड होते, ते सोसण्याला तप म्हणता येत नाही. स्वाध्यायाच्या वर्गातल्या ताईंना फोन केला, त्यांनीही सांगितलं, उपचार म्हणजे आहार नव्हे, निर्धास्त जा.

दवाखान्यात काय काय झालं

सकाळी दहाची वेळ घेतली. एकासना आहे, एकदाच जेवण आहे, सूर्यास्तानंतर गोळीही चालत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगितलं. संकोच करू नका मैत्रिणींनो. आपल्या भागातल्या डॉक्टरांना जैन पेशंट नवे नाहीत. बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याची गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हेही त्याच वेळी सांगायचं. मुलगी गरोदर असेल तर तेही.

आधी दाताचा छोटा एक्स-रे. मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला, तो पू. मग बधिरतेचं इंजेक्शन. टोचताना क्षणभर लागतं, दहा मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. दात फार सुजलेला असेल तर कधी कधी दुसरं इंजेक्शन लागतं, घाबरायचं नाही. जरा जरी दुखलं तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात.

मग दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला. त्याने औषध आणि पाणी घशात जात नाही, आणि थुंकी दातात येत नाही. एकासना असलेल्या बाईला याचा मोठा दिलासा. बाकीचं पाणी नळीने ओढून घेतात. चूळ भरायला आम्ही घरून गाळून उकळलेलं पाणी बाटलीत नेलं होतं.

दाढेला वरून भोक पाडल्यावर आतला पू बाहेर आला आणि दाब उतरला. मग केसासारख्या बारीक सुया, त्यांना फाईल म्हणतात, नळीत घालून सडलेली नस काढली. नळी किती लांब आहे ते मोजायला ओठावर एक छोटा हुक अडकवतात, यंत्र बारीक आवाज करतं. मधूनमधून जंतुनाशक औषधाने नळ्या धुतात, त्याला कपडे धुण्याच्या ब्लीचसारखा वास येतो. त्या दिवशी आत औषध ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. साडेअकराला आम्ही बाहेर.

बधिरता दोन-तीन तास राहते. तोवर जेवायचं नाही, कारण गाल चावला गेला तरी कळत नाही. म्हणून सकाळची वेळ घ्या. आम्ही अडीचला एकासना केली, मऊ खिचडी आणि कढी, त्याच वेळी दुखण्याची गोळी. भाद्रपदात सूर्यास्त सहा-सव्वासहाला, म्हणजे वेळ भरपूर. मार्गशीर्षात साडेपाचच्या सुमाराला दिवस मावळतो, तेव्हा दुपारी तीनची वेळ घेतली तर जेवण चुकणारच.

पुढे दोन खेपा झाल्या. नळ्या कोरड्या, स्वच्छ झाल्या की त्यांत गट्टापर्चा नावाचा पदार्थ भरतात. हा काय, कुठून येतो, हे मी मुद्दाम विचारलं. मलाया आणि त्या बाजूच्या बेटांवरच्या एका झाडाचा तो चीक, त्यात जस्ताचं भस्म वगैरे मिसळलेलं असतं. शंभर-सव्वाशे वर्षांहून जास्त काळ दातात भरतात. समुद्राखालच्या तारांनाही पूर्वी हाच चीक लावत. दाताच्या कामात लागणाऱ्या काही सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातलं द्रव्य असतं. आपल्या आज्या दाढेत लवंग धरायच्या, तीच ही लवंग. मात्र नुसतं लवंगेचं तेल जास्त लावलं तर हिरडी भाजते, तेवढं लक्षात ठेवा.

शेवटी दाढेवर टोपी बसवतात, तिला कॅप किंवा क्राऊन म्हणतात. पुष्कळ जणी दुखणं थांबलं की इथेच सोडून देतात. पोखरलेली दाढ ठिसूळ होते, एक दिवस सुपारीच्या खांडाने किंवा खारकेने उभी चिरते, आणि मग काढावीच लागते. टोपीचे पैसे वेगळे असतात, कधी रूट कॅनलपेक्षा जास्त. म्हणून पहिल्याच दिवशी सगळा हिशोब विचारून घ्या.

औषधांबद्दल दोन शब्द

कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. "जैन आहोत, कॅप्सूल नको, गोळी लिहा" एवढं म्हटलं की डॉक्टर बहुधा बदलून देतात. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. दिवसातून तीनदा घ्यायची गोळी असेल तर एकदा-दोनदा घेण्याची काही आहे का, विचारा. नियम घेतानाच औषध-पाण्याची सूट ठेवणं हेही आपल्यात चालत आलेलं आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी तरी ठेवा.

आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. बंद दातात रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? ताप असेल, सूज पसरत असेल तर डॉक्टर देतात, नाहीतर दात साफ करणं हाच इलाज. सासूबाईंना दिलंच नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, चट्टा पडतो. सुजलेल्या गालाला गरम शेकही नको.

"वरची दाढ काढली की डोळे जातात" हे सासूबाईंनी दोनदा विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. तरीही दाढ उपटण्यापेक्षा वाचवता आली तर वाचवावी, कारण रिकाम्या जागेत शेजारचे दात झुकतात, समोरचा दात लांबतो, चावणं बिघडतं. रूट कॅनल झालेली दाढ हाडात आपल्या जागी घट्ट असते, चावताना दाबही कळतो. फक्त तिची कळ गेलेली असते.

खर्चाची अडचण असेल तर वर्ध्याला लागूनच सावंगी (मेघे) इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ जास्त लागतो, पण खर्च साधारणपणे खासगीपेक्षा कमी येतो. आणि एक गोष्ट अगदी गाठ मारून ठेवा. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड वाटला किंवा ताप भरला, तर ती दाढेची गोष्ट उरत नाही. रात्र असो, उपवास असो, त्याच क्षणी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय गाठायचं. त्यात जीव जाऊ शकतो.

रोजच्यासाठी एवढंच. संध्याकाळी जेवण झाल्यावर, पाण्याचा त्याग घेण्याआधी दात नीट घासून घ्या. आपल्यासारखी रात्रीभोजन न करणारी माणसं नशीबवान, रात्रभर दातांवर अन्न पडत नाही. पण शेवटचा घास दाढेत अडकून राहिला तर तो सगळा फायदा गेला. कडक उपवासात तोंड कोरडं पडतं आणि दातांचं रक्षण करणारी लाळ कमी होते, म्हणून पारण्याच्या दिवशी लाडू-पेढ्याने सुरुवात करण्यापेक्षा मुगाचं पाणी बरं. दशलक्षणाआधी आपण डबे घासतो, पिठं नवी दळतो, चौका शुद्ध करतो. त्याच आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे दात एकदा दाखवून आणा. आषाढातच जमलं तर फार उत्तम.

आपल्या घरातल्या बायका दुखणं सांगत नाहीत. सासू सांगत नाही, आई सांगत नाही, आणि विचारलं तर "सोसते" म्हणतात. तेव्हा "दुखतं का?" असं विचारू नका. "सामायिकात मन लागतं का?" असं विचारून पाहा. उत्तर खरं मिळेल.

जय जिनेंद्र.